आधी तालीम, मग दुष्काळ : कथानकाची मांडणी आणि आशय

आपल्या भागातील मराठी मंडळी कथा लिहू लागली की बहुधा एकाच विषयाकडे वळतात. पैनगंगेच्या दक्षिणेस राहून मराठी टिकवणे, हा तो विषय. कथा बेल्याहून येवो, जैनदहून येवो, की आदिलाबाद शहरातून. तिच्यात एक वृद्ध आजोबा असतात, हैदराबादेस किंवा त्याहून दूर गेलेला नातू असतो आणि शेवटच्या पानावर आजोबांच्या तोंडी मातृभाषेविषयी एक भाषण असते. त्यातील भावना खरी असते. लेखकाने ते दुःख स्वतः जगलेलेही असते. तरीही कथा वाचून संपल्यावर मनात भाषण उरते, आजोबा उरत नाहीत. असे का व्हावे, याचा विचार प्रस्तुत लेखात आम्ही करू इच्छितो.

आमच्या मते दोष विषयात नसतो आणि लेखकाच्या भाषेतही नसतो. तो मांडणीत असतो. कथा ज्या मूळ प्रश्नाभोवती फिरते, त्यास समीक्षेत आशयसूत्र म्हणतात. ज्या घटनांच्या साखळीतून ती पुढे सरकते, त्यास कथानक म्हणतात. जुने टीकाकार 'संविधानक' हा शब्द वापरीत. इंग्रज कादंबरीकार ई. एम. फॉर्स्टर यांनी १९२७ साली ग्रंथरूपाने प्रसिद्ध झालेल्या व्याख्यानांत एक सोपा भेद केला आहे. काळाच्या क्रमाने एकापुढे एक ठेवलेल्या घटना म्हणजे नुसती गोष्ट. एकीमुळे दुसरी घडली असे दिसू लागले की ते कथानक. आपल्या नाट्यशास्त्रात याची अधिक बारीक व्यवस्था आहे. बीज, बिंदू, पताका, प्रकरी आणि कार्य अशा पाच अर्थप्रकृती तेथे सांगितल्या आहेत. आरंभी पेरलेली लहानशी गोष्ट ते बीज. ते अनेक अंगांनी वाढत जाऊन शेवटी कार्यात फळास येते. बीज जमिनीत झाकलेले असते. ते उघड्यावर मांडून त्याचे वर्णन करीत बसलो तर उगवत नाही, हे शेतकरी कुटुंबांतील वाचकांना आम्ही वेगळे सांगावयास नको.

मराठी कादंबरीत या बाबतीत दोन टोके फार पूर्वीच दिसून आली. ना. सी. फडके यांनी 'प्रतिभासाधन' (१९३१) या ग्रंथात लेखनतंत्राचा हिरिरीने पुरस्कार केला. आकर्षक आरंभ, गुंतागुंत, वाढती उत्कंठा आणि नीटस उकल यांवर त्यांचा भर. त्यांच्या कादंबऱ्यांची पाने भराभर उलटतात. पण पुस्तक मिटल्यावर सोबत येणारा प्रश्न क्वचितच असतो. दुसऱ्या टोकास ज्ञानकोशकार डॉ. श्रीधर व्यंकटेश केतकर. 'गोंडवनातील प्रियंवदा' या त्यांच्या कादंबरीच्या नावात आपल्या शेजारच्या मुलखाचाच उच्चार आहे. 'ब्राह्मणकन्या' (१९३०) ही त्यांची अधिक चर्चिली गेलेली कादंबरी. केतकरांजवळ समाजाविषयीचे प्रश्न विपुल होते, दृष्टी धाडसी होती. मात्र कथानक त्यांनी पुष्कळदा विचार अडकवण्याच्या खुंटीसारखे वापरले. म्हणून प्रश्न आठवतात आणि माणसे धूसर होतात. आपल्याकडील हौशी लेखक, स्वतःच्या नकळत, केतकरांच्या बाजूस झुकतात. आणि केतकरांची विद्वत्ता सर्वांजवळ नसल्यामुळे हाती केवळ खुंटी राहते.

या दोन टोकांच्या मधली वाट अशी की आशय सांगू नये; घटनांच्या क्रमाने तो वाचकाला विचारावा. हे साधले आहे की नाही, हे पाहण्यासाठी आम्ही एक साधी कसोटी सुचवितो. कथेतील दोन मोठ्या घटना घ्याव्यात आणि मनातल्या मनात त्यांची अदलाबदल करून पाहावी. अदलाबदलीने कथेचा अर्थच पालटला, तर आशय मांडणीत मुरलेला आहे. काहीच बिघडले नाही, तर आशय वरून चिकटवलेला आहे, मग शेवटचे भाषण कितीही हृदयस्पर्शी असो. ही कसोटी आपण सर्वांनी वाचलेल्या काही पुस्तकांना लावून पाहू.

पहिले पुस्तक व्यंकटेश माडगूळकरांचे 'बनगरवाडी' (१९५५). माडगूळकर १९८३ साली अंबाजोगाईच्या साहित्य संमेलनाचे अध्यक्ष होते. म्हणजे आपल्या जुन्या हैदराबाद संस्थानाच्या भूमीवर त्यांचा तो मान झाला. 'बनगरवाडी'ची निवड आम्ही आणखी एका कारणाने केली आहे. ती एका शाळेची कथा आहे, आणि मराठी शाळा हा आपल्या जिल्ह्यातील प्रत्येक जुन्या कुटुंबाच्या जिव्हाळ्याचा विषय आहे.

कथा थोडक्यात अशी. राजाराम विठ्ठल सौंदणीकर हा औंध संस्थानातील तरुण शिक्षक माणदेशातल्या एका धनगरवाडीवर नेमला जातो. शाळा नावापुरती आहे, मुले मेंढरांमागे आहेत. गावचा वृद्ध कारभारी त्यास हाताशी धरतो आणि शाळा भरू लागते. हळूहळू मास्तर गावाचा पत्रलेखक, सल्लागार आणि विश्वासू माणूस होतो. रामा बनगर आपली साठविलेली नाणी मोडून आणण्यासाठी त्याच्या हाती देतो. आनंदा रामोशी, आयबू यांसारखी माणसे त्याच्याभोवती जमतात; दादू बालट्या विरोधास उभा राहतो. कारभाऱ्याची मुलगी अंजी त्याच्याकडे चोळीचे काम सांगते आणि त्यावरून कारभाऱ्याच्या मनात विकल्प येतो. एका बैलाची उणीव भरून काढण्यासाठी शेकूची बायको स्वतः जुवाला खांदा देते. पुढे मास्तराच्या पुढाकाराने सगळे गाव राबते आणि तालीम उभी राहते. तिच्या उद्घाटनास खुद्द औंधचे राजेसाहेब येतात. मग पाऊस पडत नाही. चारा संपतो, मेंढरे मरू लागतात, माणसे गाव सोडून निघतात. वाडी ओस पडते, शाळेत मुले राहत नाहीत आणि मास्तरही जातो.

या कादंबरीला कथानक नाही, ती व्यक्तिचित्रांची माळ आहे, असे अनेकांस वाटते. माडगूळकरांची 'माणदेशी माणसे' (१९४९) आधी वाचलेली असल्याने असा समज होणे स्वाभाविक आहे. आता कसोटी लावावी. 'माणदेशी माणसे' हा व्यक्तिचित्रांचा संग्रह आहे. त्यातील प्रकरणे पुढेमागे केली तर काही बिघडत नाही आणि बिघडावे अशी अपेक्षाही नाही. 'बनगरवाडी'त मात्र तालीम आणि दुष्काळ यांची अदलाबदल करून पाहा. समजा, मास्तर गावात आला तेव्हाच दुष्काळ होता. गाव मोडले, विखुरले. मग पाऊस आला, माणसे परतली, सर्वांनी मिळून तालीम बांधली आणि राजेसाहेब आले. माणसे तीच, जमीन तीच, वाक्येही पुष्कळशी तीच राहू शकतील. पण पुस्तक निराळे झाले. ती ग्रामोद्धाराची बोधकथा झाली. एकी असेल तर संकटावर मात करता येते, असे तिचे तात्पर्य निघाले आणि वाचक समाधानाने पुस्तक मिटून झोपी गेला.

माडगूळकरांनी तालीम आधी ठेवली आणि दुष्काळ नंतर. गावाने जे सर्वांत मोठे काम केले, त्याच्याच पाठोपाठ गाव नाहीसे होते. बांधलेली तालीम गावाबरोबर चालत जाऊ शकत नाही. मेंढरे जाऊ शकतात. ज्यांचे जीवन पावसाच्या मागे चालते, त्या माणसांनी एका जागी भिंती उभ्या करण्याचा अर्थ काय? मास्तराने जे दिले ते त्यांच्या उपयोगाचे होते काय? की उपयोग झाला नाही तरी ते राबणे, ते एकत्र येणे, हेच त्याचे फळ होते? या प्रश्नांपैकी एकही कोणाच्या तोंडी भाषणरूपाने घातलेला नाही. ते सारे दोन घटनांच्या क्रमातून उठतात. येथे औंधचे राजे बाळासाहेब पंतप्रतिनिधी सूर्यनमस्काराचे थोर पुरस्कर्ते होते आणि १९३९ साली त्यांनी प्रजेस स्वराज्याचे अधिकार दिले, ही ऐतिहासिक वस्तुस्थिती स्मरली म्हणजे तालमीच्या प्रसंगाचे वजन अधिकच वाढते. सत्ता सदिच्छेची होती, शिक्षक प्रामाणिक होता, गाव राबले होते. दोष कोणावर ठेवावा? कोणावरच ठेवता येत नाही, म्हणून वाचकाला स्वस्थता लाभत नाही.

लहान घटनांकडेही पाहावे. रामा बनगराची नाणी, अंजीची चोळी, दादू बालट्याचा विरोध, ही वरवर पाहता सुटी प्रकरणे आहेत. नाट्यशास्त्राच्या भाषेत त्यांना प्रकरी म्हणता येईल, म्हणजे थोडा वेळ येऊन मूळ कथेस हातभार लावून जाणारे उपकथानक. नाण्यांच्या प्रसंगात गाव परक्या माणसावर विश्वास टाकते; चोळीच्या प्रसंगात तोच विश्वास एका क्षुल्लक कारणाने डळमळतो. बाहेरून आलेला माणूस एखाद्या गावाचा कधी होतो, आणि होतो तरी किती? हा प्रश्न प्रत्येक उपकथानक आपापल्या परीने विचारते. आपल्यापैकी ज्यांचे पूर्वज वऱ्हाडातून अथवा मराठवाड्यातून येऊन या काळ्या जमिनीवर स्थिरावले, त्यांना तो प्रश्न परका वाटू नये. शेवटी गावच उठून जाते आणि प्रश्नाचे उत्तर देण्यास कोणी उरत नाही. बीज आणि कार्य यांचा इतका घट्ट सांधा असलेल्या पुस्तकास कथानकहीन म्हणणे आम्हांस मान्य नाही.

दुसरे उदाहरण हरिभाऊ आपट्यांचे. 'पण लक्षात कोण घेतो' ही कादंबरी १८९० साली सुरू झालेल्या 'करमणूक' या पत्रातून क्रमशः प्रसिद्ध झाली. यमूचे बालपण, सासरचा जाच, मग पतीबरोबर मुंबईतील मोकळे, शिकण्याचे दिवस, आणि नंतर वैधव्य, सक्तीचे केशवपन व मृत्यू, असा तिचा क्रम आहे. मुंबईचे दिवस काढून टाकले, अथवा सासरच्या जाचापूर्वी ठेवले, तर काय होईल? कथा करुण राहील. स्त्रियांच्या दुःस्थितीची ती एक हकीकत होईल आणि त्या काळी अशा हकीकती थोड्या नव्हत्या. मुंबईचे दिवस वैधव्याच्या अगदी आधी आल्यामुळे दुःखाबरोबर एक मोजमाप मिळते. ही मुलगी काय होऊ शकत होती, ते आपण पाहिलेले असते. जे हिरावले गेले त्याची किंमत वाचकास ठाऊक असते. हरिभाऊ सुधारकी विचारांचे होते आणि उपदेशाचा मोह त्यांना होत नसे असे नाही. तरी या कादंबरीचा सर्वांत मोठा युक्तिवाद त्यांनी वाक्यांत मांडला नाही, प्रकरणांच्या क्रमात मांडला.

तिसरे उदाहरण मुद्दाम अवघड घेतो. साने गुरुजींचे 'श्यामची आई' नाशिकच्या तुरुंगात १९३३ साली लिहिले गेले. आश्रमातील सोबत्यांना श्याम रोज रात्री एक आठवण सांगतो, अशी त्याची चौकट आहे आणि अशा बेचाळीस रात्री आहेत. प्रत्येक रात्रीस एक संस्कार. कसोटी लावली तर पुष्कळशा रात्री सहज पुढेमागे करता येतात. मग आमची कसोटी चुकली, की पुस्तक? आमचे उत्तर असे की दोन्ही नाहीत. या पुस्तकात दोन धागे आहेत आणि कसोटीमुळे ते वेगळे दिसू लागतात. वरचा धागा संस्कारांचा, तो चौकटीत बसविलेला आहे. खालचा धागा घराच्या ऱ्हासाचा आहे. भावाभावांतील वेगळे निघणे, कर्ज, सावकाराचा तगादा, आईचे आजारपण आणि मृत्यू. या धाग्यातील एकही घटना जागची हलविता येत नाही. घर जसजसे खचते तसतसा आईचा प्रत्येक संस्कार तिला अधिक महाग पडतो. संपन्न घरातील आईने मुलास सत्य शिकविणे आणि दारात सावकाराचा माणूस उभा असताना शिकविणे, यांत अंतर आहे. केवळ सुवचनांचा संग्रह असता तर हे पुस्तक पाठ्यपुस्तकातील धड्यांपुरते उरले असते. पिढ्यांमागून पिढ्यांनी ते रडत वाचले, याचे कारण त्या खालच्या धाग्यात आहे, असे आमचे मत आहे. आपल्याकडील उपदेशप्रिय लेखकांनी गुरुजींच्या उपदेशाचे अनुकरण केले. त्यांच्या कर्जाच्या हिशेबाकडे पाहिले नाही.

यावर एक आक्षेप येईल, तो रास्त आहे. भालचंद्र नेमाड्यांच्या 'कोसला'ने (१९६३) घटनांची रेखीव बांधणी झुगारून दिली आणि तरीही, किंबहुना त्यामुळेच, ती मोठी कादंबरी ठरली. पांडुरंग सांगवीकर पुण्यास शिकावयास जातो, वसतिगृहात दिवस घालवतो, पैसा उधळतो, काहीच साधत नाही आणि गावी परततो. वसतिगृहातील कितीतरी प्रसंगांची अदलाबदल करता येईल. खरे आहे. पण तेथे दिवसांचे अदलाबदल करण्याजोगे असणे हाच आशय आहे. एक दिवस दुसऱ्यासारखाच, हे दाखवावयाचे असेल तर मांडणीही तशीच हवी. आणि त्या सपाट प्रवाहातही एक घटना अशी आहे की जी कोठेही हलविता येत नाही. ती म्हणजे लहान बहीण मनीचा मृत्यू. तोपर्यंत पांडुरंगाची थट्टा ही तरुणपणाची ऐट वाटू शकते. त्यानंतर तिच्याखाली काय आहे ते कळते. म्हणजे नेमाड्यांनीही क्रमाचा नियम मोडला नाही, तो एका जागी एकवटला.

दुसरा आक्षेप आपल्या मंडळाच्या बैठकीत नेहमी ऐकू येतो. आमच्या घराण्यात जे घडले ते असेच घडले, त्याचा क्रम आम्ही कसा बदलावा, असे वडीलधारे विचारतात. क्रम बदलू नये. खोटे लिहावे असे आम्ही म्हणत नाही. परंतु घडण्याचा क्रम आणि सांगण्याचा क्रम या दोन गोष्टी आहेत. कोठून आरंभ करावयाचा, कोठे थांबावयाचे, कोणत्या दोन घटना शेजारी ठेवावयाच्या आणि मधली कोणती वर्षे दोन ओळींत ओलांडावयाची, हे सर्व लेखकाच्या हाती असते. माडगूळकरांनी तरुणपणी खेड्यात शिक्षकाचे काम केले होते. त्या आयुष्यातून त्यांनी मास्तराचे वाडीवर येणे आणि वाडीवरून जाणे एवढीच चौकट निवडली. त्या निवडीने अर्धी कादंबरी घडविली.

आम्ही राज्य शासनाच्या सेवेत आयुष्य घालविले असल्याने कचेरीतील एक दाखला द्यावासा वाटतो. सरकारी टिपणीत विषय सर्वांत वर लिहितात, संदर्भ देतात, वस्तुस्थिती मांडतात आणि शेवटी शिफारस करतात. वरिष्ठास वेळ नसतो. त्याने विषय आणि शिफारस एवढेच वाचले तरी काम भागते. आपल्या पुष्कळशा कथा याच नमुन्यावर लिहिलेल्या आढळतात. मथळ्यात विषय, मध्ये वस्तुस्थिती, शेवटी आजोबांची शिफारस. वाचकाने मधला भाग गाळला तरी त्याचे काही अडत नाही. कथेची रीत याच्या उलट हवी. तिच्यात मधलाच भाग निर्णायक असतो, आणि शिफारस वाचकाने करावयाची असते.

आता हे सारे आपल्या मातीस लावून पाहू. आपल्याजवळ घटनांची वाण नाही. १ नोव्हेंबर १९५६ रोजी हैदराबाद राज्य विसर्जित झाले. मराठवाडा तत्कालीन मुंबई राज्यात गेला; आदिलाबाद जिल्ह्यातील किनवट आणि राजुरा हे भागही तिकडे गेले; आदिलाबाद मात्र आंध्र प्रदेशात राहिले. एकाच घराण्यातील सोयरीक एका दिवसात दोन राज्यांत विभागली गेली. पुढे ऐंशीच्या दशकात पटेल-पटवारी पद्धत संपली आणि कित्येक जुन्या मराठी घरांतील दप्तरे निकामी झाली. २ जून २०१४ रोजी तेलंगणा राज्य झाले आणि ऑक्टोबर २०१६ मध्ये आपला जुना जिल्हा चार जिल्ह्यांत विभागला गेला. एवढ्या अवधीत घरे, शाळा, बाजार, लग्ने यांवर काय काय गुदरले ते सर्व जाणतात. वंशावळीत आणि जमिनीच्या कागदांत या घटना नोंदल्या आहेत. पण तो केवळ काळाचा क्रम झाला. त्याचे कथानक कोणी केलेले नाही.

एक उदाहरण घेऊ. घटना तीन : आजोबांनी १९५६ नंतरही येथेच राहण्याचा निर्णय घेतला, वडिलांनी गावातील मराठी शाळेसाठी जागा दिली, मुलाने आपल्या मुलीस इंग्रजी माध्यमात घातले. नेहमीच्या रीतीने सांगितले तर ही घसरणीची कथा होते : निष्ठावान आजोबा, उदार वडील, स्वार्थी मुलगा. शेवटी भाषण ठरलेले. आता आरंभ मुलीच्या शाळाप्रवेशापासून करावा. अर्ज भरताना मातृभाषेचा रकाना येतो आणि मुलगा तेथे 'मराठी' असेच लिहितो. मग मागे जावे, वडिलांनी जागा दिली त्या दिवसाकडे. तेथे असे दिसू द्यावे की जागा दिल्यानंतरच्या वर्षी वडिलांनी मुलास मात्र पुढील शिक्षणासाठी तेलुगू शाळेत घातले, कारण नोकरी तेलुगूत होती. आणि शेवटास आजोबांचा निर्णय ठेवावा : सोयरे पैनगंगेपलीकडे बोलावीत असता ते येथे राहिले, ते भाषेसाठी नव्हे, जमीन चांगली होती म्हणून. घटना त्याच. पण आता कोणी निष्ठावान नाही आणि कोणी गुन्हेगार नाही. प्रत्येक पिढीने पोटाचा आणि भाषेचा हिशेब आपापल्या परीने घातला, एवढे दिसते. आणि त्या हिशेबात आपले स्वतःचे नाव कोठे बसते, असा प्रश्न वाचकास पडतो. आजोबांच्या भाषणाची गरज उरत नाही. खरे पाहता ते भाषण वाचकाची त्या प्रश्नातून सुटका करण्यासाठीच येत असते.

आपल्या शेजाऱ्यांच्या कथाही अशाच पडून आहेत. जुन्या आदिलाबाद जिल्ह्यातील, आता कुमुरम भीम आसिफाबाद जिल्ह्यात असलेल्या मार्लवाई या गोंड गावी १९४० च्या दशकात मानववंशशास्त्रज्ञ हायमेनडॉर्फ यांच्या पुढाकाराने गोंड शिक्षकांसाठी प्रशिक्षण केंद्र निघाले आणि गोंडी भाषेची बालपुस्तके देवनागरी लिपीत तयार झाली. आपल्या मातृभाषेची लिपी आपल्या रानात दुसऱ्या एका मातृभाषेच्या कामी आली. त्याआधी काही वर्षे, १९४० साली, जोडेघाट येथे कुमरम भीम यांचा मृत्यू झाला होता. बंड आधी आणि शाळा नंतर, हा येथील इतिहासाने दिलेला क्रम आहे. त्यात किती प्रश्न दडलेले आहेत! शाळा ही बंडाचे फळ की बंड शमविण्याचा उपाय? गोंड मुलाला देवनागरी शिकविताना ती त्याची झाली की आपलीच राहिली? केवळ मराठी माणसाचे दुःख लिहिणाऱ्या लेखकास हे विषय दिसत नाहीत. जो क्रमाकडे पाहावयास शिकेल, त्यास ते दिसतील.

यात काय पणास लागले आहे, तेही सांगितले पाहिजे. या प्रदेशातील जुन्या मराठी कुटुंबांतील ज्या पिढीने १९५६ चा बदल जाणत्या वयात पाहिला, तिच्यातील फार थोडी माणसे आज हयात आहेत. त्यांच्या आठवणी लिहून ठेवणे अवश्य आहे आणि आपले मंडळ ते करीतही आहे. पण आमची नातवंडे त्या आठवणी नुसते कर्तव्य म्हणून वाचणार नाहीत. आईच्या कर्जाच्या काळजीने श्यामच्या पुस्तकात जसे वाचक ओढले गेले, तालमीनंतरच्या कोरड्या आभाळाने बनगरवाडीत जसे ओढले गेले, तशी ओढ आपल्या लेखनात असेल तरच ती पाने उघडली जातील. भाषा टिकवा असे भाषण ऐकून कोणी भाषा टिकवीत नाही. आपल्या भाषेत एखादी गोष्ट अशी सापडली की जी अन्यत्र मिळणार नाही, तर तिच्यासाठी माणूस अक्षरेही शिकतो.

म्हणून या त्रैमासिकासाठी लिहू इच्छिणाऱ्यांना आमची विनंती एवढीच आहे. कथेचा पहिला खर्डा झाला की शेवटचे भाषण कागदावरून काढून ठेवावे आणि उरलेली कथा घरातील एखाद्या तरुणास वाचावयास द्यावी. भाषण काय असेल ते त्याने ओळखले, तर छापण्याची गरज नाही. त्याला काहीच उमगले नाही, तर भाषण परत घालू नये. घटनांची मांडणी पुन्हा पाहावी, कोणती कोणाच्या आधी असावी याचा विचार करावा आणि दुसरा खर्डा करावा. आणि भाषणात नव्हता असा एखादा प्रश्न त्याने विचारला, तर तो खर्डा अधिक न लांबवता पुढील अंकाकडे पाठवावा.